प्रवासातूनच निघालेले एखादे कोडे सांगाल का?

मुक्कामपोस्ट:

आम्ही सात जण आहोत. कोणी नागपूरला, कोणी सांगलीला, एक मस्कतला, आणि आमच्यापैकी कोणीही दुसऱ्या कोणाला अद्याप प्रत्यक्ष भेटलेले नाही. गेली तीन वर्षे दर शनिवारी रात्री साडेनऊ वाजता एकाने एक कोडे घालायचे आणि त्याबरोबर आपल्या एखाद्या प्रवासाची हकीकत सांगायची, असा आमचा शिरस्ता आहे. सुरुवातीला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसे. हकीकत हंपीची आणि कोडे आगपेटीच्या काड्यांचे, असे चालत असे. पण हळूहळू असे लक्षात आले की ज्या आठवड्यात कोडे त्या प्रवासातूनच निघालेले असते, त्या आठवड्यात रविवारी दुपारच्या जेवणापर्यंत वाद संपत नाही. काड्यांची कोडी मात्र पाच मिनिटांत सुटतात किंवा कोणीतरी ती आधीच ऐकलेली असतात.

येत्या शनिवारी पाळी माझी आहे आणि माझी पोतडी रिकामी झाली आहे. नमुन्यादाखल माझे गेल्या खेपेचे कोडे देतो, म्हणजे मला काय हवे आहे ते कळेल.

हरिश्चंद्रगडावर आम्ही खिरेश्वराहून तोलार खिंडीच्या वाटेने सकाळी सहाला निघालो आणि रमतगमत अकराला मंदिरापाशी पोहोचलो. रात्री गुहेत मुक्काम केला. केदारेश्वराच्या लेण्यात कंबरेएवढ्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली आणि चारांपैकी एकच खांब शाबूत असताना वरचे छत कसे टिकले असेल, यावर दोन तास घालवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सहाला निघून त्याच वाटेने साडेनऊला खाली आलो. आता प्रश्न असा की, त्या वाटेवर अशी एखादी जागा असेलच का, जिथे आम्ही दोन्ही दिवशी घड्याळातील अगदी एकाच वेळी होतो? दोन्ही दिवशी आमची चाल वेगळी होती, बसणे-उठणे वेगळे होते आणि आमच्याजवळ कसलीही नोंद नाही.

उत्तर इथे देत नाही. मला फक्त या जातीची कोडी हवी आहेत: प्रवास काढून टाकला तर कोडेच उरणार नाही, अशी.

घाटवाट:

अशी जागा असणारच. दोन दिवस एकमेकांवर ठेवून पाहावेत. समजा, एकाच दिवशी सकाळी सहाला तुम्ही खिरेश्वराहून वर निघालात आणि त्याच क्षणी तुमचा जुळा भाऊ मंदिरापासून त्याच वाटेने खाली निघाला, तर तुम्ही दोघे कितीही वेळा दम खायला बसलात तरी कुठेतरी समोरासमोर येणारच. जिथे भेट होईल, तीच ती जागा. सूत्र नाही, आकडेमोड नाही. मला हे कोडे याच कारणासाठी आवडते.

मात्र एक खोट काढतो. तुम्ही कोडे घालताना दोन्ही दिवशी सहाला निघालो असे सांगितलेत म्हणून ते उभे राहते. पहिल्या दिवशी अकराला पोहोचून दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारी बाराला उतरायला लागला असता, तर दोन्ही दिवसांच्या वेळा एकमेकींना शिवल्याच नसत्या आणि तशी जागा मुळीच नसती. वाटेचेही तेच आहे. आमच्यासारखे काही शहाणे एका वाटेने चढून पाचनईला उतरतात, त्यांच्यासाठी हे कोडे निरुपयोगी आहे.

माझ्याकडचे कोडे महाबळेश्वरच्या रस्त्यावरचे आहे. पुण्याहून महाबळेश्वर सुमारे 120 किलोमीटर. मे महिन्यातला शनिवार होता, खंबाटकीत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, पुढे पसरणीच्या घाटात एक ट्रक आडवा झालेला, त्यामुळे जाताना आमचा सरासरी वेग ताशी जेमतेम 30 किलोमीटर पडला. मामा चालवत होते. वर पोहोचल्यावर ते म्हणाले की, परतताना मध्यरात्री मोकळ्या रस्त्याने असा हाणतो की जाऊन-येऊन सरासरी ताशी 60 पडली पाहिजे. तर मामांनी परतताना कोणत्या वेगाने गाडी चालवावी?

गाडीतल्या पाच जणांपैकी चौघांनी एका सुरात 90 असे उत्तर दिले. मामी तेवढ्या गप्प होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तुम्ही आता विमान आणलंत तरी जमायचं नाही.” त्यांचे बरोबर होते. जाऊन-येऊन 240 किलोमीटर ताशी 60 ने कापायचे तर एकूण चारच तास मिळतात, आणि ते चारही तास जातानाच खर्च झाले होते.

सेवानिवृत्त वाहक:

मी एस.टी.त एकतीस वर्षे वाहक होतो. त्यातली बरीच वर्षे तिकिटांचा ट्रे आणि पंच यांच्यासोबत गेली. तिकिटाचे यंत्र हातात आले तेव्हा नोकरीची संध्याकाळ झाली होती. माझे कोडे त्या नोकरीतलेच आहे आणि ते मला कोणी पुस्तकातून सांगितलेले नाही, जरी पुढे कळले की फ्रेंच गणिती एदुआर लुकास यांनी 19 व्या शतकात असेच कोडे जहाजांवर घातले होते.

समोरून आपली गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचा एक हात वर करतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्यात सलाम असतो, आणि पुढे रस्ता ठीक आहे असा निरोपही असतो. एकदा स्वारगेटहून कोल्हापूरला जाताना पुढच्या बाकावरच्या एका मुलाने मला विचारले की, काका, कोल्हापूर येईपर्यंत हे ड्रायव्हरकाका किती वेळा हात वर करतील? हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरा की स्वारगेटहून दर तासाच्या ठोक्याला एक गाडी कोल्हापूरला सुटते, कोल्हापूरहूनही दर तासाच्या ठोक्याला एक गाडी स्वारगेटला सुटते, प्रत्येक गाडीला बरोबर पाच तास लागतात आणि सगळ्या गाड्या एकाच वेगाने धावतात. आमची गाडी सकाळी आठची. तर वाटेत समोरून किती गाड्या भेटतील?

मी बेधडक पाच असे सांगितले. एकतीस वर्षांच्या अनुभवाची ही किंमत! शिरवळच्या आसपासच मुलाचे एक बोट वळले होते, साताऱ्यापर्यंत तीन-चार झाली, कराड मागे पडले तेव्हा त्याने दुसरा हात वापरायला घेतला आणि माझ्याकडे असे पाहिले की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

चूक अशी होती की, मी फक्त आम्ही निघाल्यानंतर तिकडून सुटणाऱ्या गाड्या मोजल्या. पण आम्ही आठला निघालो तेव्हा कोल्हापूरहून चार, पाच, सहा आणि सातला सुटलेल्या चार गाड्या आधीच रस्त्यावर होत्या. पुढे आठपासून बारापर्यंतच्या पाच. अशा एकूण नऊ. शिवाय पहाटे तीनची गाडी आम्ही सुटतानाच स्वारगेटच्या फलाटाला लागत होती आणि दुपारी एकची गाडी आम्ही पोहोचताना कोल्हापुरातून निघत होती. त्या दोन धरल्या तर अकरा.

तिकीटखिडकी:

अकरा की नऊ, यावर आमच्या घरात आताच दोन तट पडले आहेत. माझ्या मते उत्तर नऊच, कारण प्रश्न ‘वाटेत’ किती असा आहे आणि फलाट म्हणजे वाट नव्हे.

माझे कोडे लहान आहे. एक जोडपे रेल्वे स्थानकातल्या एकाच बाकावर शेजारीशेजारी डबा उघडून बसले आहे. नवरा एका राज्यात जेवतो आहे आणि बायको दुसऱ्या राज्यात. हे कुठे?

आम्ही सुरतहून भुसावळकडे येताना हा बाक पाहिला. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सीमारेषा या स्थानकातून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, असा तिथला थाट आहे, आणि उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत होतात. माझ्या यजमानांनी चटणीची पुडी सीमेपलीकडून मागितली, तेव्हा मी जकात मागितली होती.

चोडणची होडी:

आमच्याकडे गोव्यात माशांच्या आमटीला हुमण म्हणतात आणि कोड्याला हुमाण, त्यामुळे बाहेरून आलेल्या पाहुण्याला कोणी हुमाण घालतो म्हटले की तो ताट पुढे करतो.

रायबंदर ते चोडण फेरीबोटीवर मी एकदा भाचीला वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे जुने कोडे घातले. होडीत एका वेळी एकालाच नेता येते, वाघाजवळ शेळी सोडता येत नाही आणि शेळीजवळ गवत. मांडवी ओलांडायला पाच-सात मिनिटे लागतात, तेवढ्यात सुटायला हवे अशी अट होती. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई सगळे ऐकत होती. बोट धक्क्याला लागताना ती भाचीला म्हणाली, “बाय, आधी विचार, त्याला वाघ पलीकडे कशाला हवा?” याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. मुक्कामपोस्ट यांच्या कसोटीवर हे कोडे नापास होईल, याची मला कल्पना आहे.

रेखांश:

घड्याळ बदलते अशा प्रवासात कोडी आपोआप तयार होतात, त्याला काही करावे लागत नाही. सोनौलीच्या सीमेवरचा माझा अनुभव सांगतो. नेपाळच्या बाजूला चहा पिऊन मी बरोबर दहा वाजता कमानीकडे चालू लागलो, दोन मिनिटांत भारतात पोहोचलो, आणि भारतातल्या दुकानातले घड्याळ पाहतो तर मी निघण्याच्या तेरा मिनिटे आधीच येऊन पोहोचलो होतो. दोन्ही घड्याळे बिनचूक होती. हे कसे?

नेपाळची वेळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे आहे, एवढे सांगितले की कोडे सुटते. पण 15 च मिनिटे का, हा खरा गमतीचा भाग आहे. आपली प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशाची, तर नेपाळची गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या 86 अंश 15 मिनिटे रेखांशाची. फरक पावणेचार अंशांचा, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. गुणून पाहा.

यासाठी सीमेवर जाण्याचीही गरज नव्हती, असा एक काळ मुंबईत होता. शहराची स्थानिक वेळ वेगळी आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेने, जी मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. शहरातले घड्याळ बघून निघालेला माणूस वेळेवर पोहोचूनही गाडी चुकवू शकत असे. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली 39 मिनिटे मागे असलेली वेळ काही ठिकाणी 1955 पर्यंत सोडली नाही. पणजोबांच्या पिढीतली माणसे वेळ सांगताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड’ असे विचारत, ते उगीच नव्हे.

आणि या जातीच्या कोड्यांचा बाप म्हणजे मॅगेलनच्या मोहिमेतले कोडे. 1519 साली पाच जहाजे स्पेनहून पश्चिमेकडे निघाली. तीन वर्षांनी त्यांतले ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परतत होते. जुलै 1522 मध्ये ते केप व्हर्दे बेटांपाशी थांबले आणि तांदूळ आणायला काही खलाशी किनाऱ्यावर गेले. जहाजावर बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले की आज गुरुवार. अंतोनिओ पिगाफेत्ता हा गृहस्थ रोजनिशी लिहीत असे, एकही दिवस न चुकता. आजारी पडलो नाही, पान सुटले नाही, मग एक दिवस गेला कुठे, हे त्याला कळेना.

दिवस हरवलेला नव्हता. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे जात राहिल्यामुळे त्यांचा प्रत्येक दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित लांब होत होता, आणि तीन वर्षांत घरी राहिलेल्यांपेक्षा त्यांनी एक सूर्योदय कमी पाहिला होता. सप्टेंबरात ते जहाज स्पेनला लागले तेव्हा त्यावर अठरा माणसे उरली होती. इतके हाल सोसून आलेल्या माणसाने एका दिवसाच्या हिशेबासाठी जीव टाकावा, याचे मला फार कौतुक वाटते.

उलट बाजूचे उदाहरण सामोआ देशाचे. त्यांनी 2011 साली वाररेषेची बाजू बदलली, गुरुवार 29 डिसेंबरनंतर थेट शनिवार 31 डिसेंबर उजाडला. तिथे 30 डिसेंबरला वाढदिवस असलेल्या माणसाचे त्या वर्षी वय वाढले का, हे तुमच्या सात जणांना विचारा.

मुक्कामपोस्ट:

सर्वांचा आभारी आहे. घाटवाट यांनी दाखवलेली खोट मान्य आहे; निघण्याची वेळ मी सहज लिहून गेलो होतो, तिच्यावर सगळे कोडे टेकलेले आहे हे माझ्या ध्यानात नव्हते. मासळीवाल्या बाईंचा प्रश्न मात्र मी कसोटी बाजूला ठेवून वहीत उतरवून घेतला आहे.

रेखांश यांचे सोनौलीचे कोडे घालण्याचा मोह झाला होता, पण आमचे मस्कतचे मित्र मुरलेले आहेत. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते आणि दर शनिवारी आमच्या साडेनऊला ते आठचा चहा घेत बसलेले असतात, त्यामुळे ‘तेरा मिनिटे आधी’ ऐकताच ते हसतील. म्हणून एस.टी.चे कोडे घ्यायचे ठरवले आहे. ते तुमच्या नावाने, म्हणजे ‘एका निवृत्त वाहकांनी सांगितले’ असे म्हणून घालू ना?

सेवानिवृत्त वाहक:

जरूर घाला. मात्र दोन पथ्ये पाळा. गाड्या बरोबर तासाच्या ठोक्याला सुटतात हे आधी स्पष्ट सांगा, नाहीतर कोणीतरी एस.टी. कधी वेळेवर सुटते का असा फाटा फोडेल आणि रात्र त्यातच जाईल. आणि ‘किती गाड्या भेटतील’ असे न विचारता ‘चालक किती वेळा हात वर करील’ असेच विचारा, म्हणजे नऊ आणि अकराचा वाद राहणार नाही. फलाटावरच्या गाडीला आम्ही हात वर करत नाही. तिथे खाली उतरून तंबाखू मागतो.