ब्रेकचा आवाज एकच, एस्टिमेटं तीन. कुणाचं खरं मानू?

चारचाकी_नवखी
मंडळी, वापरलेली गाडी घेतली आहे. आधीच्या मालकाने ब्रेकचं काय काम कधी केलं, काही माहिती नाही. हल्ली ब्रेक दाबला की पुढून चिरका आवाज येतो, पेडल सोडलं की बंद. तीन गॅरेजमध्ये दाखवली. पहिल्याने चक्कर मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, "पॅड संपलेत, टाकून देतो." आकडा तोंडीच. दुसऱ्याने छापील एस्टिमेट दिलं, त्यात पॅड, दोन्ही डिस्क आणि ब्रेक ऑइल. रक्कम पहिल्याच्या दुपटीहून जास्त. तिसऱ्याने यात कॅलिपर घातले आणि खाली इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. ब्रेकच्या आवाजाशी इंजिनचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणे, "मॅडम, किलोमीटर झालेत ना, करून घेतलेलं बरं."

मधला आकडा धरून मोकळं व्हावं का? आणि गाडीतलं ओ की ठो कळत नसताना खरं बोलणारा ओळखायचा कसा?

काउंटरपलीकडचा
असली एस्टिमेटं बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली, वर्कशॉपच्या काउंटरवर बसून. मधला आकडा अजिबात धरू नका. तिघांनी तीन वेगळी कामं लिहिली आहेत, त्यांच्या बेरजा शेजारी ठेवून हाती काही लागत नाही.

आधी हे सांगा, तिघांपैकी चाक कुणी काढलं? चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क, आणि तिला दाबून गाडी थांबवतात ते पॅड. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर अस्तर, म्हणजे घासून झिजणारा थर, असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायचे, हा ढोबळ हिशोब. पण आतल्या बाजूचा पॅड बाहेरून धड दिसत नाही, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना जाम असतील तर बहुतेक तोच आधी खलास होतो. त्यामुळे चाकाच्या फटीतून डोकावून "अजून भरपूर आहेत" म्हणणाराही चुकतो, मनात काही काळंबेरं नसताना.

तुमचा आवाज चिरका आहे आणि ब्रेक दाबल्यावरच येतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला घासून किंचाळते, आणि ती लावलेलीच असते त्यासाठी. म्हणजे पहिल्याचं म्हणणं खरं असू शकतं, फक्त त्याने ते बघून सांगितलेलं नाही. खरखर असती, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, तर मी डिस्कचीही काळजी केली असती.

दुसऱ्याला फोन करून एवढंच विचारा: डिस्कची जाडी किती भरली आणि किमान किती लागते? ही किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते आणि मायक्रोमीटरने मोजायला फार वेळ लागत नाही. ज्याने मोजली असेल तो दोन आकडे सांगेल. न मोजणारा "सेफ्टीचा प्रश्न आहे मॅडम" सांगेल. काउंटरवर हे वाक्य आम्हाला पाठ असायचं. ब्रेक दाबताना पेडल पायाला थरथरतं का, तेही कळवा. थरथरत असेल तर डिस्क सगळीकडे सारखी जाड राहिली नसण्याची शक्यता आहे, आणि मग दुसऱ्याच्या एस्टिमेटला अर्थ येतो.

कॅलिपर बदलायला ठोस कारण लागतं: पॅड ढकलणारा पिस्टन अडकलाय किंवा ऑइल गळतंय. गाडी एका बाजूला ओढत नसेल, एकच चाक भलतं तापत नसेल, तर मला शंका येते. पिना जाम असतील तर साफ करून योग्य ग्रीस लावलं की बहुतेक वेळा भागतं.

ब्रेक ऑइल मात्र कापू नका. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर मानकानुसार तो १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर त्याची वाफ झाली तर पेडल थेट तळाला जातं. बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं, आणि तुम्हाला तर आधीचं काहीच माहीत नाही.

इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणं, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तर करा. आम्हाला या असल्या जोडकामांचं महिन्याचं टार्गेट असायचं. एवढं सांगितलं, पुरे.

आडवा_पाना
काउंटरपलीकडचे साहेब बरोबर बोलतायत, पण आम्हा छोट्या गॅरेजवाल्यांचीही बाजू ऐका. तोंडी आकडा सांगतो म्हणून माणूस लबाड होत नाही. आणि गिऱ्हाइकं चाक काढून तपासायला लावतात, तपासणीचे पैसे म्हटलं की तोंड वाकडं करतात. फुकट तपासणीचा खर्च मग कुठून तरी निघतोच, बहुतेक पार्टमधून. तपासणीची मजुरी द्या आणि त्या बदल्यात जे दिसेल ते दाखवायला सांगा.

मेकॅनिक कसा विचार करतो ते इंजिनचा दिवा लागल्यावर लगेच कळतं. समजा स्कॅनरवर पी०३०१ हा कोड आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. नुसता कोड वाचून जो कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) लिहून मोकळा होतो, त्याच्याकडे मी माझी गाडी देणार नाही. जाणता माणूस पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर टाकतो आणि गाडी चालवून बघतो. कोड पी०३०२ झाला की दोष कॉइलचा. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे जायचं. पार्ट विकत घेण्याआधीच निम्मं उत्तर मिळतं.

चारचाकी_नवखी
दोघांचेही आभार. पेडल थरथरत नाही, गाडी ओढतही नाही. दुसऱ्याला जाडी विचारली तर म्हणाला, "मोजली नाही, पॅडबरोबर डिस्क आम्ही बदलतोच." पहिल्याकडे परत गेले, तपासणीचे पैसे देते म्हटलं. त्याने चाक काढून आतला पॅड दाखवला, अस्तर कागदाएवढं उरलंय आणि ती जीभ घासून चकाकतेय. डिस्क मोजली, किमान जाडीच्या बरीच वर आहे. ब्रेक ऑइलचा रंग पाहून स्वतःच म्हणाला, हे बदला. मागच्या ब्रेकचं विचारलं तर, "ते अजून चालतील, पुढच्या सर्व्हिसला बघू."

काम त्यालाच देतेय. फक्त तो पॅड कुठले टाकेल, हे मला कसं कळणार?

काउंटरपलीकडचा
"ते अजून चालतील" म्हणणारा मेकॅनिक सोडू नका.

पॅड कंपनीच्या डब्यातले असतात, किंवा कंपनीला माल देणाऱ्याच कारखान्याचे त्याच्या स्वतःच्या डब्यातले, आणि तिसरे स्वस्तातले. दुसरे बहुतेकदा तितकेच चांगले आणि कमी किमतीत मिळतात. बनावट मालही असतो, म्हणून डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. कुठला ब्रँड आणि कुठला पार्ट नंबर, ते काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या. मजुरी वेगळी लिहायला लावा आणि वॉरंटी पार्टवर आहे की मजुरीवरही, ते विचारा. असा कागद हातात असला की उद्या दुसऱ्या गॅरेजच्या आकड्याशी खरी तुलना करता येते. जुने पॅड परत हवेत हेही आधीच सांगा, नंतर ते भंगारात गेलेले असतात. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलायचे, एका बाजूचे नाही.

आणि गाडी ताब्यात घेताना एक करा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल खाली जाऊ शकतं. मेकॅनिकने दाबलं असेलच, तरी जागेवरून हलायच्या आधी तुम्हीही ते कडक लागेपर्यंत दाबून बघा. पॅड डिस्कवर बसेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, गरज नसताना करकचून ब्रेक मारू नका.