वसियतनामा बदलायचाय, अब्बांचे रोजे आणि हज बाकी आहेत

नजू_खेड
सलाम. आम्ही कोकणी, शाफई (सुन्नी धर्मकायद्याची एक शाखा). अब्बा ७४ वर्षांचे, डायलिसिसवर. चार रमजानचे रोजे राहिलेत, पुढे होतील अशी आशा नाही. हजची ऐपत होती, पण आधी माझं लग्न, मग भावाचं दुबईचं, मग घराचा स्लॅब. तोवर किडन्या गेल्या.

२०१५ चा रजिस्टर वसियतनामा आहे. त्यात घर धाकट्या भावाला, बाकी शरियतप्रमाणे. आता अब्बांना हज-ए-बदल (त्यांच्या वतीने दुसर्‍याने करायचा हज) आणि फिदया (राहिलेल्या रोज्यांच्या बदल्यात द्यायचं दान) घालायचाय. धाकटा म्हणतो, रजिस्टर कागद बदलत नाही. (घर त्यालाच मिळतंय, तेव्हा तो असंच म्हणणार.) आणि वसियत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते ना, मग हा खर्च त्यातूनच जातो का?

जुना_दस्तलेखक
ताई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, तोवर हवं तितक्या वेळा बदला. रजिस्टर केलेलं मृत्युपत्र नंतरच्या बिनरजिस्टर कागदानेही रद्द होतं. मुस्लिम कायद्यात तर तोंडी वसियतही चालते, साक्षीदारांचीही सक्ती नाही. पण चालते म्हणून करू नका, सिद्ध करताना वारसांच्या चपला झिजतात.

पुरवणी जोडत बसण्यापेक्षा नवीनच करा. सुरुवातीलाच जुन्याचा दस्त क्रमांक नि तारीख घालून ‘ते रद्द केले आहे’ लिहा. दोन साक्षीदार घ्या, डॉक्टरांचा दाखला जोडा. डायलिसिसचा दिवस टाळा, त्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो. मुद्रांक शुल्क नाही.

सोलापुरी_हनफी
आमच्या हनफी शाखेच्या फिकहात (धर्मकायद्यात) वसियत केली असेल तरच वारसांवर फिदया आणि हज-ए-बदलचं बंधन, तेही एक तृतीयांशात बसेल तेवढंच. त्यामुळे लिहून ठेवणं फार गरजेचं. आम्ही सुटलेल्या नमाजांचाही फिदया धरतो, वित्र (रात्रीची जादा नमाज) मिळून दिवसाचे सहा.

जमातीतला_एक
सोलापूरकर म्हणतात ते त्यांच्या मसलकाप्रमाणे (शाखेप्रमाणे) बरोबर. शाफईंत हिशोब वेगळा आहे. राहिलेला फर्ज हज आणि फिदया हे अल्लाहचं कर्ज. दफनाचा खर्च आणि कर्ज आधी, मग उरलेल्याच्या तिसर्‍या हिश्श्यापर्यंत वसियत, मग वाटण्या. कर्ज लिहिलेलं नसलं तरी ते मालमत्तेतूनच फिटतं. तुमच्या अम्मींचा मेहर (निकाहात नवर्‍याने कबूल केलेली रक्कम) बाकी असेल तर तोही कर्जातच येतो, मग तो ७८६ रुपये का असेना.

पण नजूताई, अब्बा हयात आहेत, मग मरणानंतरची व्यवस्था कशाला? बरं न होणार्‍या आजारात रोज्याची कजा (नंतर भरून काढणं) नाही, दर रोज्याला एक मुद (जुनं माप) धान्य, आणि ते आत्ताच देता येतं. तांदूळ पाऊण किलो धरला तर कमी पडत नाही. चार रमजानचे १२० रोजे धरा, म्हणजे ९० किलो. शाफईंत रोख नाही, धान्यच द्यायचं. हजचंही तेच. खसअम कबिल्यातल्या बाईने विचारलं होतं, वडील इतके म्हातारे की सवारीवर बसवत नाही, त्यांच्या वतीने हज करू का? नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम ‘हो’ म्हणाले, आणि तिचे वडील तेव्हा जिवंत होते. अब्बांनी इजाजत देऊन कुणाला पाठवावं. जाणार्‍याने स्वतःचा फर्ज हज आधी केलेला हवा.

आणि ते घर! मुलगा वारस आहे. वारसाच्या नावची वसियत बाकी वारसांनी अब्बांच्या पश्चात मान्य केली तरच टिकते, आता घेतलेल्या सह्या कामाच्या नाहीत. नवा कागद करताय तर अब्बांना हेही सांगा, नाहीतर पुढे तुम्हा भावंडांतच जुंपेल.

नजू_खेड
घराबाबतचा हा नियम अब्बांना माहीतच नव्हता. म्हणाले, “मग ते कलमच काढ.” धाकटा दोन दिवस बोलत नाहीये, बोलेल. दुबईवाल्या भावाचा हज झालेला आहे, हज-ए-बदलला तोच जाईल म्हणतो. दस्तलेखक काका, दाखला डायलिसिस नसलेल्या दिवशीचा घेते.

एकच राहिलं. फिदयाला घरचा उकडा चालेल की बाजारचा कोलम घ्यायचा?

जमातीतला_एक
खेडात जो रोज शिजतो तो. उकडा द्या, घेणाराही खूश होईल.