कंपनीने कोचऐवजी एआय अॅप दिले आहे. त्यावर कितपत विसंबावे?

प्रश्न : टीम लीड, ऐरोली

नमस्कार. मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे ११ जणांच्या टीमची जबाबदारी आली, तेव्हा कंपनीने सहा महिन्यांसाठी एक कोच, म्हणजे कामातील अडचणींवर बोलून मार्ग शोधायला मदत करणाऱ्या व्यक्ती, नेमल्या होत्या. त्या पंधरा दिवसांतून एकदा भेटत. यंदा तो करार पुढे न वाढवता आम्हाला एआयवर चालणारे कोचिंगचे अॅप दिले आहे.

अॅप वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण रात्री अकरा वाजता मन अस्वस्थ असताना ते उपलब्ध असते. परंतु टीममधील एका सहकाऱ्यांशी, जे माझ्याहून १४ वर्षांनी मोठे आहेत, कामातील चुकांबद्दल बोलायचे होते. अॅपने संभाषणाचा नेटका मसुदा दिला आणि मी जवळपास तसेच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकले, "बरं" एवढेच म्हणाले आणि गेले तीन आठवडे ते बैठकीत तोंड उघडत नाहीत. माझे काय चुकले असे अॅपला विचारले, तर मी परिस्थिती अतिशय समंजसपणे हाताळली असे उत्तर आले.

असे अॅप कोचची जागा घेऊ शकते का? आणि त्यात लिहिलेले कंपनीला दिसते का?

उत्तर १ : व्यावसायिक कोच, ठाणे

ताई, तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग अॅपने दिलेली ती शाबासकी आहे. अशा अॅपमागची एआय प्रारूपे (मॉडेल) घडवताना माणसांना कोणते उत्तर अधिक आवडले याचाही आधार घेतला जातो, आणि आपल्याला आपल्या बाजूचे बोलणे आवडते. त्यामुळे होकार देण्याची सवय त्यांच्यात मुरते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती फारच खुशामत करू लागल्यामुळे ती बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ती मागे घ्यावी लागली होती.

न्यायाने बोलायचे तर माणूस असलेल्या कोचलाही तुमचीच बाजू ऐकायला मिळते; त्या बैठकीत मीही नसतो. फरक असा, की "बरं" हा शब्द सांगताना तुमचा आवाज कुठे अडखळला हे मला ऐकू येते आणि मी तिथेच थांबतो. तो शब्द ऐकताच तुम्हाला काय वाटले, आणि त्यानंतर तुम्ही काही विचारले की सुटका झाली म्हणून उठलात, हे मी विचारले असते. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संस्थेच्या मधल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठीही प्रत्यक्ष कोचिंगचे किमान ५०० तास लागतात. त्या तासांत मी मुख्यतः शिकलो ते उत्तर न देता थांबणे.

तरीही अॅप टाकून देऊ नका. सरावासाठी ते खरोखर उपयोगी आहे. त्याला मसुदा मागण्याऐवजी त्या सहकाऱ्यांची भूमिका घ्यायला सांगा, तुमच्या बोलण्यावर आक्षेप घ्यायला सांगा, आणि तुमची वाक्ये तुम्हीच रचा. चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या माणसाला उसनी भाषा लगेच ओळखू येते, आणि मग बोलणाऱ्याने आपल्याशी बोलण्याचे कष्टही घेतले नाहीत, असे त्याला वाटू शकते.

उत्तर २ : मनुष्यबळ विभागात कार्यरत, वाशी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनी आणि अॅपचा पुरवठादार यांच्यातील करारावर अवलंबून आहे. कायद्याने सगळे झाकलेले असते, असे गृहीत धरू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील बरीचशी बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. शिवाय नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे.

त्यामुळे संभाषण कोण वाचू शकते, ते किती काळ साठवले जाते, आणि अप्रेझल किंवा बढतीच्या निर्णयात वापरले जाते का, हे ईमेलवर विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत सहकाऱ्यांची नावे त्यात लिहू नका. कोचशी करार करताना कंपनीला काय कळवायचे आणि काय नाही हे आम्ही आधी ठरवून घेतो. अॅप घेताना तोच आग्रह धरला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

उत्तर ३ : निवृत्त कारखाना व्यवस्थापक, वागळे इस्टेट

तीन आठवडे झाले आहेत, आणखी थांबू नका. त्यांना केबिनमध्ये बोलावू नका, चहाला बाहेर घेऊन जा. "त्या दिवशी मी बोलले ते तुम्हाला कसे वाटले?" एवढेच विचारा आणि नंतर गप्प राहा, कितीही वेळ लागला तरी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल आम्ही चहाला गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. मग त्यांनी सांगितले, की माझे बोलणे त्यांना नोटिशीसारखे वाटले आणि आपल्याला काढण्याची ही तयारी आहे असे समजून ते घरीही तसे सांगून बसले होते. चुका त्यांना मान्य आहेत. नवी चाचणी प्रणाली त्यांना नीट शिकवलीच गेली नव्हती, आणि हे मी एकदाही विचारले नव्हते. सोमवारपासून रोज अर्धा तास आम्ही दोघे मिळून ती पाहणार आहोत.

मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवला आहे. कोणत्या विषयांवर किती संभाषणे झाली याचा एकत्रित अहवाल वरिष्ठांकडे जातो, एवढे त्यांनी मान्य केले. वैयक्तिक नोंदींबद्दलचे उत्तर अजून आलेले नाही.