मुसळधार पावसानंतरही इचेन नदी नितळ कशी राहते?

प्रश्न – पाऊलवाट
डिसेंबरमध्ये सलग तीन दिवस पाऊस कोसळल्यानंतर मी इंग्लंडमधल्या विंचेस्टरहून शॉफर्डपर्यंत, इचेन नदीलगतच्या जुन्या जलमार्गाच्या काठाने चालत गेलो. कोल्हापुरात वाढल्यामुळे पंचगंगेचे गढूळ पाणी एका रात्रीत घाटाच्या पायऱ्या चढताना मी पाहिले आहे. इथे मात्र तळातल्या गारगोट्या मोजता येत होत्या आणि पाणवनस्पतींच्या लांब हिरव्या जटा प्रवाहात संथ हलत होत्या. जानेवारीच्या अखेरीस, आठवडाभर उघडीप असताना, त्याच वाटेवर घोटाभर पाणी होते. हे कसे?

उत्तर – झरा
आपला काळा कातळ पाणी सहजी आत घेत नाही, म्हणून ते उतारावरून माती घेऊन थेट नदीत येते. तिथल्या हॅम्पशायर परगण्यातल्या टेकड्या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, आहेत. पाऊस जमिनीत मुरतो, खडूच्या बारीक भेगांतून सावकाश उतरतो आणि पायथ्याशी झऱ्यांवाटे बाहेर येतो. इचेनच्या प्रवाहाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग असा भूजलाचा आहे. उन्हाळ्यात बराचसा पाऊस झाडेझुडपे शोषून घेतात, त्यामुळे खरे पुनर्भरण हिवाळ्यात होते आणि भूजलपातळी पावसानंतर कित्येक आठवड्यांनी कळस गाठते. तुमच्या वाटेवरचे पाणी बहुधा नदीने काठ ओलांडून आलेले नसून जमिनीखालून वर आलेले असावे. २०१४ च्या हिवाळ्यात हॅम्पशायरमधील अनेक घरांत पाणी असेच जमिनीतून शिरले होते.

उत्तर – काठावरचा
वरील खुलासा योग्य आहे, पण नदी सर्वत्र नितळ राहते असे मानू नये. रस्त्याचे पाणी जिथे नळातून नदीत पडते, तिथे पावसानंतर काठालगत दुधी-तपकिरी पट्टा लांबवर दिसतो. ही माती तळातल्या खड्यांच्या फटींत बसते, आणि याच दिवसांत तिथे ट्राउट माशांची अंडी असतात. मादी शेपटीने खडे उकरून अंडी घालते. तळावर आजूबाजूपेक्षा उजळ दिसणारा, धुतल्यासारखा चट्टा म्हणजे ती जागा. कृपया तिथे पाय ठेवू नका आणि कुत्र्यालाही पाण्यात सोडू नका.

पाऊलवाट
दोघांचे मनापासून आभार. असा एक चट्टा मी पुलावरून पाहिला होता आणि कुणीतरी तिथून चालत गेले असावे असे समजलो होतो. आणखी एक शंका आहे: त्या सकाळी गवतावर दहिवर गोठले होते, तरी नदीतून वाफ निघत होती.

झरा
झऱ्याचे पाणी बाराही महिने १० ते ११ अंशांच्या आसपास असते. हवा गोठणबिंदूवर आली की तेच पाणी तुलनेने कोमट ठरते आणि वाफ दिसू लागते.