मराठी विकिपीडिया : एलजीबीटी लेखांत 'तो', 'ती' आणि दशावतार

सुरंगी, कुडाळ
येत्या रविवारी इथल्या वाचनालयात आम्ही दहाजण मराठी विकिपीडियावरचे एलजीबीटी विषयाचे लेख सुधारायला बसणार आहोत. इंग्रजी लेख भाषांतर साधनातून आणला की तीच व्यक्ती एका परिच्छेदात 'तो', पुढच्यात 'ती' होते. नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला ना पुरुष ना स्त्री मानणाऱ्या, व्यक्तीला क्रियापद कुठलं लावायचं? शिवाय दशावतारात स्त्रीपार्ट करणाऱ्या कलाकारांचे लेख याच एलजीबीटी वर्गात घालावेत असं काहींचं म्हणणं आहे. घालावेत का?

खाडीकाठ
क्रियापदाचा तिढा मराठीतच सुटतो. 'यांनी' घेऊन सकर्मक भूतकाळात लिहा : 'यांनी पुण्यात शिक्षण घेतले', 'यांनी संस्था स्थापन केली'. क्रियापद कर्माच्या मागे जातं, व्यक्तीचं लिंग वाक्यात येतच नाही. 'यांचा जन्म चिपळूणला झाला' हेही तसंच. आदरार्थी वर्तमानकाळही चालतो, कारण 'राहतात', 'लिहितात' दोन्हीकडे सारखेच. घोटाळा होतो तो अकर्मक भूतकाळात : 'गेले' की 'गेल्या'? तिथे 'यांनी स्थलांतर केले' करा. 'म्हणाले'ऐवजी 'यांनी सांगितले'. 'लेखक', 'अभिनेत्री' ही नामंही एकदा तपासा.

ही युक्ती फक्त नॉनबायनरी व्यक्तींसाठी ठेवा. पारलिंगी स्त्री, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेली व्यक्ती, स्वतःला स्त्री म्हणवत असेल तर सरळ 'त्या गेल्या' लिहा, बालपणाच्या परिच्छेदातसुद्धा. तिथे लिंग लपवणं हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे.

साधनाने 'भागीदार' लिहिलं असेल तर 'जोडीदार' करा, नाहीतर धंद्यातला हिस्सेदार वाटतो.

माडाची सावली
दशावताराचे लेख त्या वर्गात अजिबात घालू नका. पुरुषाने साडी नेसून राणी उभी करणं हा त्या रंगभूमीचा जुना प्रघात आहे. त्यावरून कलाकाराची लैंगिकता ठरत नाही. हयात व्यक्तीबद्दल तिने स्वतः छापील मुलाखतीत किंवा पुस्तकात सांगितलं असेल तरच लिहा, आणि त्याच वाक्याला संदर्भ जोडा. गावात सगळ्यांना माहीत आहे, हा संदर्भ होत नाही. विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यावर, लैंगिक कलाचा रकाना भरतानाही हेच पाळा. तिथली एक नोंद अनेक भाषांतल्या पानांवर उमटू शकते, आणि छोट्या गावात त्याची किंमत त्या माणसाला मोजावी लागते.

कायद्याच्या लेखांत '२०१८ साली कलम ३७७ रद्द झाले' असं दिसलं तर दुरुस्त करा. हे दंड संहितेतलं कलम समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवत असे; सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले. कलम कायद्याच्या पुस्तकात राहिलं, ते १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत. तृतीयपंथीयांना स्वतःचं लिंग ठरवण्याचा हक्क देणारा निकाल वेगळा, १५ एप्रिल २०१४ चा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेले आढळतात.

खाडीकाठ
एक राहिलं. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. तुम्ही दहाजण, म्हणजे वाचनालयाच्या वायफायवर सातव्याला अडेल. खाती आधीच घरून उघडा. सदस्यनावात खरं नाव किंवा गाव नको, कारण प्रत्येक संपादन पानाच्या इतिहासात कायम दिसतं. पहिला मजकूर धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, लिहा, दुसऱ्याने क्रियापदं आणि संदर्भ तपासले की मगच मूळ पानावर न्या.