१२ गुंठे भात आणि बांधाचं गवत: उभ्यानं चालवायचा विळा घ्यावा का?

खाचरवाला: शहापूरकडे १२ गुंठे भात आहे, कर्जत-३ जातीचं. बांधावर कमरेएवढं गवत. व्हिडिओत दिसतो तसा लांब दांड्याचा विळा घेतला तर दोन्ही कामं होतील का? साधा विळा सध्या चूड (भाताचा एका जागचा झुबका) कापायच्या ऐवजी मुळासकट उपटतोय.

निसणा: भातात तो नको. एका फेऱ्यात भात आडवं पडतं, लोंब्या गुंततात आणि पेंढी बांधेपर्यंत दाणे गळतात. बांधावर तर दगड. पातं इतकं पातळ की एका ठोक्यात कडेचा टवका उडतो. शिवाय कड हातोडीनं ठोकून पातळ करायची आणि कापताना दर पाच-दहा मिनिटांनी ओल्या दगडावर घासायची. दगड वेचलेला सपाट माळ असेल तर मात्र सकाळी दवात झकास चालतो.

चूड उपटतेय म्हणजे धार गेलीय आणि खाचरात अजून चिखल आहे. कापणीच्या ८-१० दिवस आधी पाणी काढा. भाताला दातेरी ‘वैभव’ विळा घ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा. तो मारायचा नाही, अंगाकडे ओढायचा. चूड धरलेला हात पात्याच्या वीतभर वर हवा. कापायचं अगदी जमिनीलगत, कारण खोडकिडा धसकटातच दडून राहतो. सरावाच्या हाताला गुंठ्यामागे साधारण एक-दोन तास धरा.

धामणीचा दांडा: साधा विळा टाकू नका, गवताला तोच बरा. लोहाराकडून पाजवून घ्या. ग्राइंडरवर नेलात आणि कड निळी पडली, तर पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. मग धार लगेच वळते. मूठ हलते म्हणून विळा पाण्यात बुडवून ठेवण्यातही अर्थ नाही, लाकूड वाळलं की पुन्हा ढिली. पाचरच ठोका.

बांधावर घाणेरी, रानमोडी अशी झुडपी तणं असतील तर कोयत्यानं छाटून उपयोग नाही, फुटवे येतात. पहिल्या पावसानंतर माती मऊ असताना कुदळीनं मुळासकट काढा. आणि गवतात हात घालण्याआधी काठी आपटा. फुरसं हा विषारी साप पटकन दिसत नाही.

खाचरवाला: डावखुऱ्याला दातेरी चालेल?

निसणा: बाजारातल्या बहुतेक विळ्यांच्या दातांचा उतार एकाच अंगाला, उजव्या हाताच्या हिशेबानं असतो. डाव्या हातात पातं वर निसटतं. लोहाराला सांगून उतार उलट्या अंगाला करून घ्या. दातेरी विळ्याला धार लावताना दगड फक्त सपाट बाजूनं फिरवा, दातांवर नको.