इन्जेन्युअस : भाबडा की प्रांजळ?

(नागपुरातल्या चौघांची चर्चा; बोलणाऱ्यांना नावांऐवजी शहरातल्या वस्त्यांची नावं दिली आहेत.)

सीताबर्डी : एका इंग्रजी निकालपत्राचा मराठी अनुवाद चाललाय. साक्षीदारानं उलटतपासणीत दिलेल्या कबुलीला मुळात ‘इन्जेन्युअस’ (ingenuous) म्हटलंय. कच्च्या मसुद्यात ‘कल्पक कबुली’ आलंय. ती ‘इन्जीनिअस’शी (ingenious) गल्लत, ते काढायचंच. पण मग ‘भाबडी’ लिहू की ‘प्रांजळ’?

धंतोली : भाबडी नको. भाबड्याला कोणीही गंडवतं. साक्षीदाराला भाबडा म्हटलं की साक्षीचं वजन गेलं. शब्दांच्या जोड्या बघा ना : भाबडी आशा, निरागस हसू, निर्व्याज प्रेम, प्रांजळ कबुली. कबुलीशेजारी प्रांजळच बसतो.

महाल : बसतो, पण अर्थ हुकतो. प्रांजळ माणसाला लपवता येत असतं, तरी तो सांगतो. त्याला इंग्रजीत ‘कॅन्डिड’ आहे. इन्जेन्युअस माणसाच्या डोक्यात लपवायचं येतच नाही. शेतीच्या वादातला साक्षीदार घ्या. वकील विचारतो, “धुरा (म्हणजे शेताचा बांध) कोणी सरकवला?” तो म्हणतो, “आमीच सरकवला जी, पानी तुंबून राहिलं होतं ना.” आपल्याच बाजूचा दावा आपण पाडला हे त्याच्या गावीही नाही. याला आपल्याकडे साधाभोया म्हणतात. ‘साधीभोळी कबुली’ लिहा.

धंतोली : निकालपत्रात साधीभोळी? तिथं ‘ऋजु’ शोभेल. लॅटिनमधला मूळ शब्द म्हणजे जन्मानं स्वतंत्र असलेला. रोमन कायद्यात गुलामीतून सुटलेला वेगळा आणि हा वेगळा. त्यातून कुलीनाला साजेसा उमदेपणा, मग मनमोकळेपणा आणि शेवटी भोळेपणा, असा अर्थ उतरत आला. मुळाशी ऋजुच जवळचा.

इतवारी : मुळं धरून बसलात तर ‘आर्जव’ही ऋजुपासूनच निघालं. गीतेच्या १३व्या अध्यायात ते सरळपणा म्हणून येतं. आज आर्जव करणं म्हणजे विनवण्या. निर्व्याजमधलं व्याज म्हणजे कपट, पण नुसतं ‘व्याज’ म्हटलं तर आज कर्जाचंच आठवतं. शब्द आजच्या अर्थावर चालतो. ऋजु वाचून पक्षकार अडखळेल.

सीताबर्डी : पुढच्याच परिच्छेदात प्रतिवादीच्या युक्तिवादाला ‘डिसइन्जेन्युअस’ म्हटलंय. ‘अप्रांजळ’ चालेल?

इतवारी : ‘मानभावी’ लिहा. आतून सगळं ठाऊक आणि वरून काही न कळल्याचा आव, नेमकं तेच.

महाल : मानभावी विदर्भात तरी नको. तो ‘महानुभाव’चा अपभ्रंश, पंथाला हिणवून त्याचा असा अर्थ केला गेला. ज्या पंथानं मराठीला लीळाचरित्र दिलं त्याचं नाव ढोंगाला लावायचं? महानुभावांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर इथून काही लांब नाही.

इतवारी : अर्थ कधीचा रुळलाय. बोलणाऱ्याच्या मनात पंथ नसतो.

महाल : ऐकणाऱ्याच्या असतो ना. ‘साळसूद’ लिहा, काम होतं.

धंतोली : साळसूद माणसाला लागतं, युक्तिवादाला नाही. आणि ‘अप्रामाणिक’ म्हणाल तर थेट खोटेपणाचा ठपका येतो, मूळ शब्द तेवढा जड नाही. विशेषण सोडा, वाक्य करा : ‘वस्तुस्थिती ठाऊक असूनही ठाऊक नसल्यासारखा केलेला युक्तिवाद’.

महाल : एका विशेषणाची अख्खी ओळ झाली. निकालपत्रात हा शब्द तीनदा आला तर तीनदा ही ओळ लिहिणार?

इतवारी : आणि साळसूद युक्तिवादाला लागत नाही कसा? साळसूद चेहरा, साळसूद प्रश्न, साळसूद उत्तर, सगळं चालतं.